शून्य खांब

आमच्या गावात शिरताना नगरपालिकेनं एक भला मोठा फलक उभा केला होता. 'चढत्या डोंगराच्या गावात आपलं स्वागत. आमचा डोंगर दर वर्षी अकरा मिलिमीटर वाढतो.' खाली डोंगराचं चित्र, आणि कुणाला शंका राहू नये म्हणून शेजारी वर जाणारा लाल बाण. येणारे-जाणारे त्याखाली उभे राहून फोटो काढायचे, जसा काही त्या अकरा मिलिमीटरला त्यांनीच हातभार लावला होता.

अकरा हा आकडा माझ्या बाबांचा. तीस वर्षं खांद्यावर तिपाई घेऊन ते खिंडीपर्यंत चढले-उतरले आणि त्यातून तो काढला. त्याबद्दल त्यांचा सत्कार झाला, पेपरात फोटो आला. आणि आकडा चुकीचा होता. हे मी आता बेधडक सांगते, कारण आता ते सांगायला काही धाडस लागत नाही. ज्या तीन दिवसांत लागत होतं, त्या तीन दिवसांत मी तोंड शिवून बसले होते.

मी मोजणी कचेरीत लेव्हल, म्हणजे तिपाईवरची उंची मोजायची दुर्बीण, लावते. गावात मला मोजणीबाई म्हणतात. बाबा निवृत्त झाले आणि त्यांची जागा मला मिळाली, त्यांचा माणूसही मला मिळाला. तो म्हणजे पट्टीवाले काका. मोजायच्या ठिकाणी आकड्यांची उंच पट्टी सरळ उभी धरायची, एवढंच त्यांचं काम. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. अंगानं ते जेमतेम पाच फूट, त्यामुळे लांबून पाहिलं तर पट्टीच त्यांना धरून उभी आहे असं वाटायचं. हा विनोद ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, समोरच्याला सुचायच्या आधी.

डोंगर वाढतो म्हणजे काय, हे बाबांनी आम्हा दोघी बहिणींना लहानपणीच सांगितलं होतं, तेही जेवताना, कारण दुसरी वेळ त्यांना मिळायचीच नाही. दोन जमिनी एकमेकींना ढकलतायत. मध्ये पूर्वी समुद्र होता. त्याच्या तळातल्या गाळाला जायला जागाच उरली नाही, तेव्हा तो चुण्या पडत पडत वर आला. म्हणून तर खडीच्या खाणीत अजून शिंपले असलेले दगड निघतात. धाकटी विचारायची, "मग आता संपलं का ढकलणं?" बाबा म्हणायचे, "संपलं असतं तर तुझ्या बापाला नोकरी कुणी दिली असती?"

डोंगर म्हातारा झाला की बसका होतो, गोल होतो, त्याच्या अंगावर माती धरते. आमचा अजून कोवळा आहे. कोवळा आहे म्हणून इतका उभा आहे, जागोजागी तडकलेला आहे, आणि स्वतःचंच वजन त्याला पेलत नाही. तो जेवढा चढतो तेवढी नदी खाली कापत जाते. नदी जेवढी कापते तेवढा उतार आणखी उभा होतो, आणि उभा उतार कधी ना कधी खाली येतो. ढग त्याला अडून अलीकडेच रिकामे होतात, पलीकडच्या अंगाला गवतसुद्धा धड उगवत नाही. रस्ता दर पावसाळ्यात तीन-चारदा वाहून जातो. खाली सपाटीवर लोक ज्या गाळाच्या जमिनीत दोन-दोन पिकं घेतात, ती आमच्याच दरडींची माती. तिच्यासाठी कुणी कधी आमचे आभार मानल्याचं मात्र ऐकलं नाही.

अशा ठिकाणी सपाट जागा म्हणजे चैन. आमच्या गावात तशा जागा तीनच, आणि त्यातली सगळ्यात चांगली म्हणजे मधला टप्पा. एकेचाळीस घरं, समोर नदी, पाठीशी डोंगर. बाबांचं मत असं की हा टप्पा म्हणजे नदीचं जुनं पात्र. नदी खाली कापत गेली आणि गोटे, वाळू मागे टाकून गेली. दबलेली, पक्की जमीन. म्हणून त्यांनी मोजणीचा शून्य खांब तिथे रोवला. गावातली प्रत्येक उंची त्या खांबापासून धरायची. धाकटीचं लग्न झालं आणि जावयानं जागेचं विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, "शून्य खांबाच्या शेजारी बांधा. त्याहून पक्की जागा उभ्या गावात नाही." धाकटीनं खांबापासून पंधरा पावलांवर घर बांधलं. त्या भरवशावर पट्टीवाल्या काकांनीही शेजारी बांधलं.

तो टप्पा नदीचा नव्हताच. कोण जाणे किती पूर्वी वरचा अख्खा कडा घसरून तिरक्या खडकावर येऊन थांबला होता, त्याचा तो माथा. तोही थांबला होता असं आपलं म्हणायचं. मुळात तो कधी थांबलाच नव्हता.

मला हे कळलं ते पुलामुळे. नव्या पुलाचे लोक तीन वर्षांपासून दर वर्षी पुलाच्या पायाची उंची मागत होते. पुलाचा पलीकडचा पाया अखंड खडकात आहे. पहिल्या वर्षी मी मोजलं तर पूल सात मिलिमीटर वर गेलेला. बाबांना विचारलं, ते म्हणाले, "डोंगर चढतो तर दरी काय मागे राहील?" मला ते पटलं, म्हणजे पटवून घेतलं. दुसऱ्या वर्षी दहा. यंदा पाऊस ओसरल्यावर मोजलं तर एकदम सव्वीस.

मी वही घेऊन कचेरीत बसले आणि डोक्यात एकदम लख्ख झालं. खिंड चढतेय, पूल चढतोय, पलीकडचा खडक चढतोय, आणि साऱ्या गावात एकटा शून्य खांब जागेवर? स्टँडवर आपली बस सुटली की क्षणभर वाटतं, शेजारचीच मागे चाललीय. आम्ही तीस वर्षं त्या बसमध्ये बसून शेजारची बस मोजत होतो. पूल वर जात नव्हता. खांब खाली जात होता. अकरातले सात मिलिमीटर डोंगराच्या वाढीचे नव्हतेच, ते धाकटीचं घर खाली जाण्याचे होते. आणि यंदा ते सव्वीस झाले होते.

बाबा घरी खिडकीशी बसून लेव्हलच्या काचा पुसत होते. निवृत्त होऊनही स्वतःची जुनी लेव्हल त्यांनी कचेरीत जमा केली नव्हती, हरवली म्हणून लिहून दिलं होतं. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. ते लाल झाले.

"तुझ्या पट्टीचा बूट झिजलाय," ते म्हणाले.

"बूट तपासलाय, बाबा. पट्टीच्या तळाचं लोखंड जसंच्या तसं आहे."

"मग तुझी वाचणी चुकली. तीस वर्षं मी काय डोळे मिटून मोजत होतो?"

"डोळे उघडे होते. चुकीच्या ठिकाणी उभं राहून बघत होतात."

असं बोलायला नको होतं. माझी जीभ पहिल्यापासून तिखट आहे, आणि बाबांसमोर तर तिला आणखी चेव येतो. ते अर्धा तास काचाच पुसत राहिले. मग त्यांनी लेव्हल पेटीत घातली आणि म्हणाले, "उद्या मी येतो. माझ्या लेव्हलवर मोजायचं. पुलापासून खांबापर्यंत. तू वाच, मी लिहितो."

तो बुधवार. गुरुवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. काका बाबांना पाहून इतके खूश झाले की पट्टी खांद्यावर नाचवत चालले. "दादा, आज कसं जुन्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. बाबा हसले नाहीत.

आमच्या कामात बोलणं नसतं, कारण अंतर असतं. सगळं हातावर. लेव्हलवाल्यानं हात वर केला की पट्टी धरायची, हालायचं नाही. एक आकडा तीनदा वाचायचा असतो. तो वाचून होईपर्यंत हात वरच. हात खाली आला की पट्टी उचलायची. बाबांनी काकांना हे पहिल्या दिवशीच असं घोटून दिलं होतं की एकदा काकांच्या मानेवर गांधीलमाशी बसली, तरी ते हात खाली येईपर्यंत हलले नाहीत. नंतर आठ दिवस मान सुजली होती. बाबा ती गोष्ट नव्या लोकांना कौतुकानं सांगायचे.

गुरुवारी आकडा आला : माझ्या मोजणीनंतरच्या पंधरा दिवसांत खांब आणखी नऊ मिलिमीटर खाली. बाबांनी वही मिटली, पुन्हा उघडली, सगळी बेरीज-वजाबाकी पुन्हा केली. मग म्हणाले, "उद्या परत."

शुक्रवारी परत मोजलं. अकरा.

आता सांगते ती आमची चूक. दुसऱ्या कुणाकडून ती झालीच नसती. एखाद्या गवंड्यानं, ड्रायव्हरनं, शाळेतल्या पोरानंसुद्धा पाहून म्हटलं असतं, काल नऊ, आज अकरा, म्हणजे एका दिवसात दोन खाली गेलं. पळा. आम्ही मोजणीवाले. आमच्या धंद्याचा नियम असा की एकाच गोष्टीच्या दोन वाचण्या जुळल्या नाहीत तर ती मोजणाऱ्याची चूक, आणि मग तिसरी घ्यायची. बाबा वहीकडे बघत म्हणाले, "दोन मिलिमीटरचा फरक आहे. असल्या वाचणीवर मी सही करणार नाही. तिसरी घेऊ." आणि मी, जी बाबांना उलट बोलायची एक संधी सोडत नाही, ती मान डोलावून म्हणाले, "हो, तिसरी घ्यायला हवी." तो फरक चूक नव्हता. तीच तर बातमी होती. ती आम्ही वहीत चूक म्हणून लिहिली.

काका पट्टी पुसत होते. त्यांनी विचारलं, "काय ताई, काही भानगड आहे का? दादा आज काहीच बोलत नाहीत."

"काही नाही हो काका. पट्टीचा बूट झिजलाय बहुतेक."

"वाटलंच मला," काका म्हणाले, आणि बूट उलटा करून बारकाईनं बघायला लागले.

दुपारी मी कचेरीतल्या साहेबांकडे गेले. साहेबांनी खुर्चीत रेलून सगळं ऐकून घेतलं. "बाई, गावाच्या वेशीवर आकडा लावलाय आपण. तो आकडा तुमच्या वडिलांच्या सहीचा आहे. उद्या मी एकेचाळीस घरं खाली करायला लावली आणि काही झालं नाही, तर लोक मला गावात राहू देतील का? वडिलांची सही आणा. त्यांनी लिहून दिलं की आकडा चुकला, की पुढचं मी बघतो."

हे तरी खरं होतं. माझ्या शब्दाला टप्प्यावर कुणी विचारलं नसतं. 'मोजणीबाई बापाशी भांडलीय' म्हणून सोडून दिलं असतं. बाबा चौकात उभे राहून नुसते 'उठा' म्हणाले असते, तरी लोक अंगावरच्या कपड्यांनिशी उठले असते.

घरी येऊन मी बाबांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. "बाबा, सही करा. नाही तर तोंडानं तरी सांगा."

"सोमवारी. तिसरी वाचणी होऊ दे. शनिवार-रविवार पाऊस आहे, काच धुरकटते."

"आणि तोवर?"

ते बराच वेळ बोटं मोडत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "धाकटीला उद्या इकडे आण. पण गाजावाजा नको. रंगकाम काढलंय म्हणून सांग. ही वाचणी चुकली असली तर उगाच एकेचाळीस घरं रस्त्यावर. आणि बरोबर असली... तर सोमवारी दुपारी मी स्वतः दारोदार जातो. शब्द देतो."

मी हो म्हटलं. हेच मला अजून गिळवत नाही. बाबा म्हातारे होते, त्यांची तीस वर्षं त्या आकड्यात अडकली होती. माझं काय अडकलं होतं? माझी बहीण सुटत होती, तेवढ्यावर माझा आवाज बसला. भांडायचं सगळं बळ मी तिच्यासाठी जपून ठेवलं होतं, आणि ती सुटतेय म्हटल्यावर ते संपलं. मला त्याची लाज वाटते, आणि ती रोज वाटते.

शनिवारी दुपारी जावई खडीचा ट्रक घेऊन आला. पाऊस भुरभुरत होता. धाकटीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "ताई, मला खरं काय ते सांग. रंगकामाला कुणी गाद्या हलवतं का?"

"भेग पडलीय घराला. बाबांना बघायचीय."

"फक्त आमच्याच?"

"सोमवारी सांगते. तू आधी चल."

तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी तिला इंजेक्शनला न्यायचे, 'नुसतं तपासायचंय' म्हणून, तेव्हा ती असंच बघायची. पुढे काही न विचारता ती भांडी बांधायला लागली.

लोखंडी कपाट काही दारातून निघेना. जावई एकटा, ड्रायव्हिंग करून कंबर गेलेली. काकू शेजारून धावत आल्या. काकू म्हणजे काकांची बायको, त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आणि दुप्पट दणकट. पदर खोचून त्यांनी कपाटाची एक बाजू उचलली आणि जावयाला म्हणाल्या, "तुम्ही नुसता हात लावा, उचलते मीच." कपाट ट्रकमध्ये गेलं. काकू धापा टाकत हसल्या. "कुठला रंग काढलाय गं? आमचंही काढायला हवं. महिनाभर पुढचं दार लागतच नाही. यांना सांगितलं, तर म्हणे पावसानं फुगलंय."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मी काकूंकडे बघितलं.

"फुगलं असेल," मी म्हणाले.

"किती दिवस लागतील?"

"आठवडाभर," धाकटी म्हणाली.

"मग चावी ठेवून जा. झाडांना पाणी घालते." धाकटीनं चावी दिली.

ट्रक वळणावर येईपर्यंत काकू दारात उभ्या होत्या. धाकटी माझ्या शेजारी बसून मागे काकूंकडे बघत होती. रविवारी दिवसभर पाऊस पडला. दुपारी मी दोनदा छत्री घेऊन दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "उद्या आहेच की." आणि दोन्ही वेळा मी चपला काढल्या.

सोमवारी उघडीप होती. आम्ही सातला पुलावरून सुरुवात केली. बाबा झपाट्यानं चालत होते, त्यांना संपवायचं होतं. खिशात त्यांनी कागद आणला होता. तो मी पाहिला, रात्रीतून त्यांनी लिहून ठेवला होता. 'माझा आकडा चुकला आहे,' अशी सुरुवात होती. खाली सहीची जागा कोरी.

साडेदहाला शेवटची वाचणी राहिली. ओढ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून खडक आहे, त्यावर मी लेव्हल लावली. पलीकडे टप्पा. काका शून्य खांबावर पट्टी घेऊन उभे राहिले. माणसं कामावर गेली होती, मुलं शाळेत. कुणाच्या तरी अंगणात कपडे वाळत होते. काकू धाकटीच्या दाराशी कुंड्यांपाशी वाकलेल्या मला दिसल्या. इतका पाऊस पडून गेल्यावरही त्या पाणी घालत होत्या, कारण शब्द दिला होता.

मी हात वर केला आणि डोळा काचेला लावला. बाबांच्या त्या जुन्या लेव्हलमध्ये सगळं उलटं दिसतं. आणि फक्त पट्टी दिसते, तीही वीतभर. डोंगर नाही, घरं नाहीत, माणूस नाही.

"एक चारशे बारा," मी म्हणाले. बाबांनी लिहिलं.

"एक चारशे चौदा."

"नीट वाच."

"एक चारशे एकोणीस. बाबा, हलतेय."

"काका हलवत असतील. थांब जरा. परत वाच."

"एक चारशे चाळीस." उलट्या काचेत पट्टी सरकत वर चालली होती. आकडे काचेतल्या आडव्या तारेखालून पळत होते आणि मी ते वाचत होते. मला कळत होतं. मला वाटतं, मला कळत होतं. पण डोळा काचेला होता, आणि तोंड आकडे बोलत होतं, आणि बाबांची पेन्सिल मागे खरखरत होती. "एक पाचशे दहा. एक सहाशे..."

मग खालून, पोटातून यावा तसा आवाज आला. मी डोळा काढला.

सगळा टप्पा निघाला होता. सुरुवातीला अगदी सावकाश, घरं उभीच्या उभी, अंगणातले कपडे दोरीवर तसेच. खांब तिरका झाला नव्हता. काका त्यावर पट्टी धरून उभे होते, पट्टी ओळंब्यात. ते पायांकडे बघत नव्हते, मागे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

माझा हात वर होता.

मी तो खाली केला, ओरडले, काय ओरडले माहीत नाही. त्यांनी पट्टी टाकली. दोन पावलं ते आमच्या दिशेला आले. मग टप्प्याची कड मोडली आणि वरून मागचा उतार त्याच्या मागोमाग आला, आणि पुढे धूळ होती, आणि धुळीत दगडांचा आवाज. तो कितीतरी वेळ थांबला नाही.

चौतीस माणसं गेली. नदी दोन दिवस अडली, मग तिनं स्वतःच वाट काढली, आणि सपाटीवर गढूळ पाणी गेलं. बाबांनी त्या दुपारी कागदावर सही करून तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो वाचून फाइलला लावला. त्यानंतर बाबा घरी एका जागी बसले ते बसलेच. जेवायला सांगितलं तर जेवतात.

तिसऱ्या दिवशी मला पुन्हा जागेवर बोलावलं. उकरणाऱ्यांना कळेना, कुठे उकरायचं. घराची एकही भिंत दिसत नव्हती. नुसता चिखल आणि दगड, आणि सगळं दोनशे पावलं खाली सरकलेलं. माझ्याकडे टप्प्याचा नकाशा होता. एकेचाळीस घरं, प्रत्येकाचं अंतर आणि दिशा. त्यावरून अंदाजानं खुंट्या ठोकायचं काम माझं. माझ्या हातून झालेलं हे एकच उपयोगाचं काम, आणि तेही मेलेल्यांच्या.

काकांची मुलगी दुपारी आली. ती हॉस्पिटलात नर्स आहे, तिथेच क्वार्टरमध्ये राहते, म्हणून वाचली. तीन दिवस ती तिथेच जखमींना बघत होती, ड्यूटीचे कपडेही बदललेले नव्हते. ती चिखलातून वाट काढत माझ्यापर्यंत आली आणि सरळ विचारलं, "ताई, खाणीवरचे लोक सांगतात की माझे बाबा शेवटपर्यंत उभे होते. खडक चाळीस पावलांवर होता. ते का नाही पळाले?"

साहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माणूस भीतीनं खिळून जातो. मला तेच सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"माझा हात वर होता," मी म्हणाले.

तिला समजावून सांगावं लागलं नाही. पट्टीवाल्याची पोर ती. लहानपणी अंगणात ती आणि धाकटी काठी धरून हाच खेळ खेळायच्या. ती माझ्या हाताकडे बघत राहिली, त्यात खुंटी होती.

"आणि आई? तुम्ही मोजत होतात, म्हणजे काहीतरी माहीत होतं. मग आई घरात काय करत होती?"

मग मी सगळं सांगितलं. गुरुवारचे नऊ, शुक्रवारचे अकरा, सहीचा कागद, तिसरी वाचणी, ट्रक, कपाट, न लागणारं दार, 'फुगलं असेल', चावी. काही लपवलं नाही, काही गोड करून सांगितलं नाही. ती रोग्याचं ऐकावं तसं मध्ये न बोलता ऐकत होती. एकदाच तिनं विचारलं, "कपाट उचलायला आईनं हात लावला?"

"हो. जवळजवळ तिनंच उचललं."

खाली कुणीतरी कुदळ दगडावर मारत होतं. ती त्या दिशेला बघत होती.

"धाकटी कुठंय?"

"आमच्याकडे."

"तिला हे सगळं माहीत आहे?"

"भेगेचं माहीत आहे. शुक्रवारचं नाही. मी तिला सांगणारच आहे."

"नको," ती म्हणाली. "मीच सांगते. तुम्ही आधी आणखी एकदा मोजून बघाल."

ती वळली आणि आमच्या घराच्या रस्त्याला लागली. मी तिला हाक मारली नाही. नकाशावर पुढचं घर त्यांचंच होतं, मी अंतर मोजलं आणि खुंटी ठोकली.